कणा नसलेल्यांची शिरगणती

वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनचा माणूस समुद्रावर बोलायला बसला, की ऐकणाऱ्याला आधी हसू येणार. आमचे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ठाऊक आहे. सोयाबीन, तूर, काळी जमीन आणि पावसाची वाट, हे आमचे जग. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यातून मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. तरीही आजचा विषय मला परका वाटत नाही. कारण तो मुळात मोजण्याचा विषय आहे, आणि मोजणे शेतकऱ्यालाही चुकत नाही नि कवीलाही. ओळीत एक मात्रा कमी पडली तर कानाला खटकते. शेतात अळ्या किती, हे वेळेवर पाहिले नाही तर पीक हातचे जाते.

२००८ साल आमच्या भागातले शेतकरी विसरलेले नाहीत. त्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनची अक्षरशः चाळण केली. त्यातून धडा घेऊन २००९ पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्याला सगळे 'क्रॉपसॅप' म्हणतात. त्याची पद्धत साधी आहे. ठरलेल्या शेतात ठरलेल्या दिवशी जायचे, ओळीच्या एका मीटरमध्ये किती अळ्या आहेत ते मोजायचे आणि आकडा लिहायचा. आकडा एका मर्यादेपलीकडे गेला, की सल्ला निघतो. ज्या आठवड्यात एकही अळी दिसत नाही, त्या आठवड्यातही जायचे आणि शून्य लिहायचे. ते शून्य नीट लक्षात ठेवा. आज मी जे सांगणार आहे, त्याचे मर्म त्या शून्यात आहे.

अगदी असेच काम उष्ण कटिबंधातल्या समुद्रात पाण्याखाली चालते. तिथले शेत म्हणजे प्रवाळाचा खडक.

प्रवाळ म्हटले, की आपल्याला अंगठीतले लाल पोवळे आठवते. उर्दू-अरबीत त्याला मरजान म्हणतात. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, आणि त्याचे मोठे खडक बनत नाहीत. उष्ण समुद्रात खडक बांधणारे प्रवाळ वेगळे. हा एक अगदी छोटा प्राणी. बहुतेकांचा आकार काही मिलिमीटरांचाच असतो. तो आपल्या अंगाखाली चुन्याचे घर बांधतो. घरावर घर, पिढीवर पिढी चढत जाते आणि शेकडो-हजारो वर्षांत त्याचा खडक होतो. त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. उष्मा लवकर ओसरला तर ते सावरते, नाही तर मरते. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या खडकांनी व्यापलेला नाही. पण सागरी जिवांच्या सुमारे पाव जाती आयुष्याचा काही ना काही काळ त्यांच्या आश्रयाने काढतात.

आपल्या देशात असे खडक प्रामुख्याने कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार इथे आहेत. महाराष्ट्रात मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळाचे लहान लहान पट्टे आहेत. शिवाय विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात 'आंग्रे बँक' नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेल्या त्या पठारावरही जिवंत प्रवाळ आहे.

आता या खडकाचे रहिवासी पाहू. मासे सर्वांना दिसतात. त्यांचे रंग, त्यांचे थवे डोळ्यांत भरतात. आजचा विषय आहे तो तळाला राहणाऱ्या, पाठीचा कणा नसलेल्या, पण डोळ्यांना सहज दिसतील एवढ्या मोठ्या जिवांचा. शाळेत आपण त्यांना अपृष्ठवंशीय म्हणायला शिकलो. समुद्री साळिंदर, समुद्री काकडी, तारामासा, महाशिंपला, ट्रायटन शंख, शेवंड ही त्यांतली ठळक नावे. खडकावर प्रत्येकाला आपले काम आहे.

समुद्री साळिंदर हा काळ्या लांब काट्यांचा चेंडू. त्याचे काम गुरासारखे आहे. तो खडकावर वाढणारे शेवाळ चरतो आणि प्रवाळाच्या पिलांना बसायला जागा मोकळी ठेवतो. समुद्री काकडीला डोके नाही, डोळे नाहीत, आणि गंमत म्हणजे ती श्वासही गुदद्वारातून घेते. दिवसरात्र वाळू गिळायची, तिच्यातला कुजका अंश पचवायचा आणि धुतल्यासारखी स्वच्छ वाळू मागे टाकायची, हा तिचा उद्योग. शेतात गांडुळाचे जे काम, ते तळाशी तिचे. प्रशांत महासागरातल्या मूरिआ बेटावर शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. प्रवाळाच्या काही तुकड्यांजवळच्या समुद्री काकड्या त्यांनी उचलून नेल्या होत्या; त्या तुकड्यांत मरतूक पुष्कळ वाढली. महाशिंपला एका जागी बसून पाणी गाळतो. शेवंडाला बाजारात मोठा भाव असतो, त्यामुळे तो किती उरला यावरून मासेमारीचा जोर कळतो. आणि 'काट्यांचा मुकुट' म्हणून ओळखला जाणारा एक मोठा, अनेक हातांचा तारामासा प्रवाळच खातो. असा एक तारामासा वर्षभरात सुमारे दहा चौरस मीटर प्रवाळ फस्त करू शकतो. थोडे तारामासे असतील तर काही बिघडत नाही. भरमसाठ वाढले, की ती टोळधाड ठरते. ट्रायटन शंख या तारामाशाला खातो. पण देखण्या शंखाच्या हौसेपायी माणसाने तोच वेचून नेला.

यांचीच मोजणी का करायची? एक तर हे जीव मंद आहेत. पाणबुड्या जवळ आला की मासे पळतात. समुद्री काकडी कुठे पळणार? दुसरे, पाच-दहा दिवसांच्या प्रशिक्षणाने साध्या पोहणाऱ्यालाही ते ओळखता येतात. तिसरे आणि महत्त्वाचे, त्यांची संख्या बदलली, की खडकाचे काय होणार याचा अंदाज आधी येतो. प्रवाळ मेलेले दिसू लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पद्धत ऐका. खडकावर ठरलेल्या खोलीला मोजपट्टी अंथरतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, म्हणजे एकूण पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात पाणबुड्या नागमोडी पोहतो, कपारीत डोकावतो आणि दिसेल तो जीव पाटीवर टिपतो. हो, पाण्याखाली लिहायला खास पाटी आणि पेन्सिल असते. 'रीफ चेक' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात असे वीस मीटर लांबीचे चार तुकडे मोजतात. १९९७ साली या उपक्रमाने जगभर पहिली पाहणी केली, तीही बरीचशी हौशी पाणबुड्यांच्या मदतीने. तेव्हा कितीतरी खडकांवर शेवंड औषधालाही सापडला नाही. महाशिंपल्यांची नुसती संख्या लिहून भागत नाही, लांबीही मोजतात. सगळेच शिंपले मोठे असतील तर त्याचा अर्थ नवे जन्मत नाहीत. ज्या गावात म्हातारे पुष्कळ आणि पहिलीच्या वर्गात पोर नाही, त्या गावासारखे ते. दर वर्षी तीच जागा, तोच हंगाम, तीच पद्धत. यात हयगय झाली तर आकड्यांची तुलना करता येत नाही.

अशी वही नसती तर काय झाले असते, हे जमैकाच्या उदाहरणावरून कळते. जमैकाच्या किनाऱ्यावर जास्त मासेमारीमुळे शेवाळ खाणारे मासे कधीच कमी झाले होते. चरण्याचे सगळे काम काळ्या साळिंदरांवर आले होते. वरवर पाहता खडक सुंदरच दिसत होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथला निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने भरलेला होता. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ साळिंदरे मरू लागली. साधारण वर्षभरात ती साथ सगळ्या कॅरिबियन समुद्रात फिरली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक साळिंदरे संपली. चरणारे गुरू उरले नाही, रान माजले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जमैकात जिवंत प्रवाळ पाच टक्क्यांच्या खाली आले आणि खडकावर शेवाळाची गोधडी पसरली. तिथल्या संशोधकांनी आधीपासून मोजणी ठेवली होती, म्हणून ही साखळी जुळवता आली. मात्र त्या साथीचा रोगजंतू कोणता, हे आजवर कळलेले नाही.

२०२२ साली तीच साळिंदरे पुन्हा मरू लागली. या वेळी वर्षभरात, २०२३ मध्ये, कारण सापडले. तो एक एकपेशीय सूक्ष्म जीव निघाला. लोक पाण्यात उतरत होते, आकडे ठेवत होते, मरतूक दिसताच नमुने प्रयोगशाळेत गेले. पुढची बातमी आपल्यासाठी महत्त्वाची आहे. त्याच जिवाने नंतर तांबड्या समुद्रातल्या आणि २०२३ मध्ये रियुनियन बेटाजवळच्या साळिंदरांच्या जवळच्या जातींनाही मारल्याचे सिद्ध झाले. रियुनियन हिंदी महासागरात आहे. जहाजांबरोबर ही साथ पसरली असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. म्हणजे आग आपल्या गल्लीपर्यंत आली आहे, आणि आपण आपल्या घरात पाण्याच्या बादल्या किती हे अजून मोजायचे आहे.

सलग मोजणीचे सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियातले. ग्रेट बॅरियर रीफवर तिथल्या सागरी विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ही मोजणी चालू ठेवली आहे. एक छोटी होडी दोराने पाणबुड्याला हळूहळू ओढत नेते. दर दोन मिनिटांनी होडी थांबते, आणि त्या दोन मिनिटांत किती मुकुटी तारामासे दिसले, प्रवाळ किती होते, हे तो लिहितो. अशा ओढी घेत घेत सगळ्या खडकाला प्रदक्षिणा होते. एका ओढीत सरासरी एकापेक्षा जास्त तारामासा दिसला, की धाड पडली असे धरतात. आमच्या सोयाबीनमधली मर्यादा आणि ही मर्यादा, दोन्हींमागचा विचार एकच.

या वहीने काय दिले? २०१२ साली त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २७ वर्षांचा हिशेब मांडला. १९८५ मध्ये या खडकांवर प्रवाळ २८ टक्के होते, ते २०१२ मध्ये १३.८ टक्क्यांवर आले. नुकसानीचे वाटेकरीही कळले. चक्रीवादळांचा वाटा ४८ टक्के, मुकुटी तारामाशांचा ४२ टक्के, पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचा १० टक्के. वादळ कुणाला अडवता येत नाही. तारामाशांवर मात्र उपाय करता येतो. पाणबुडे एकेकाला सुई टोचून मारतात. पैसा आणि माणसे कुठे लावायची, हे त्या आकड्यांनी सांगितले. पुढच्या वर्षांत उष्म्याचे संकट फार वाढले. २०२४ च्या उन्हाळ्यात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले आणि २०२५ च्या अहवालात तीनपैकी दोन विभागांत मोजणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वार्षिक घट नोंदली गेली. 'सर्वांत मोठी' हा शब्द वही असेल तरच वापरता येतो. नाही तर तो नुसता उद्गार होतो.

आपल्याकडे काम झालेच नाही असे नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे दीपक आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षद्वीपच्या बेटांवर महाशिंपल्यांची मोजणी केली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लक्षद्वीपच्या प्रवाळाची दुसरी एक मोजणी १९९८ पासून चालत आली. तिच्या चोवीस वर्षांच्या नोंदी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळ २०२२ पर्यंत सुमारे १९ टक्क्यांवर आले. २०२० साली लक्षद्वीप प्रशासनाने चेरियापाणीजवळ २३९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र समुद्री काकडीसाठी राखले. केवळ समुद्री काकडीसाठी राखलेले हे जगातले पहिले क्षेत्र.

समुद्री काकडीला एवढी राखण का लागते? ती चीन आणि आग्नेय आशियात महाग विकली जाते, म्हणून तिची चोरटी वाहतूक होते. आपल्या सरकारने २००१ साली तिच्या सर्व जाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. त्याने तामिळनाडूच्या किनाऱ्यावर ती वेचून पोट भरणाऱ्या कोळ्यांचा धंदा बुडाला. शेजारच्या श्रीलंकेत परवाना घेऊन ती पकडता येते, मग आम्हीच काय गुन्हा केला, असे ते विचारतात. त्यांची बाजू आहे, आणि काकडीचीही आहे. हा तंटा कोण सोडवणार? कुठे किती काकड्या आहेत, दहा वर्षांत वाढल्या की घटल्या, हे ठाऊक असेल तर बंदी ठेवावी, उठवावी की काही हंगामापुरती सैल करावी, हे ठरवता येते. आकडा नसेल तर एका बाजूला कायदा राहतो नि दुसऱ्या बाजूला भूक, आणि मधे बोलायला कुणीच राहत नाही.

हाच पेच मालवणचा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे डॉ. सय्यद जहूर कासिम आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ असल्याची नोंद प्रसिद्ध केली, तीत मालवण होते. पुढे हेच कासिमसाहेब १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेते झाले. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपली रोजची जागा हातून जाईल, या धास्तीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आता त्यात पर्यटनाची भर पडली आहे. किल्ल्याजवळच्या पाण्यात दर मोसमात कितीतरी लोक मुखवटा लावून उतरतात.

काही वर्षांपूर्वी मीही उतरलो होतो. पाणी थोडे गढूळ होते, तरी मासे दिसले, पिवळसर-तपकिरी प्रवाळही दिसले. मला पाण्यात धरून नेणारा तरुण तिथल्याच कोळीवाड्यातला. होडीत बसल्यावर तो म्हणाला, "काकानू, हयलो एकेक खडक आमच्या वळखीचो आसा." मी विचारले, मग त्या खडकावर गेल्या साली साळिंदरे किती होती? तो हसला. "ता कोण मोजता?"

त्याच्या हसण्यात कामचुकारपणा नव्हता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. वर्षातले सात-आठ महिने तो दररोज त्याच खडकाशी जातो. कुठलाही शास्त्रज्ञ इतक्या वेळा जाऊ शकणार नाही. तिथले प्रवाळ पांढरे पडल्याच्या नोंदी संशोधकांनी मधूनमधून केल्या आहेत, पण ऑस्ट्रेलियासारखी चाळीस वर्षांची अखंड वही मालवणकडे नाही. ती सुरू करायला मोठी जहाजे लागत नाहीत. एक मोजपट्टी, एक पाटी, खडकावर पक्क्या खुणा, थोडे प्रशिक्षण आणि तपासणारी एखादी संस्था एवढे पुरे. मोजणाऱ्याला दिवसाची मजुरी मात्र द्यायला हवी, फुकटची देशसेवा फार दिवस टिकत नाही. कोळ्यांच्याच मुलांनी मोजले, तर उद्या आकडा वाईट निघाला तरी तो बाहेरच्यांनी लादला असे कुणी म्हणणार नाही. आणि आकडा चांगला निघाला, तर मासेमारीने खडक बिघडला हा आरोपही त्यांना पुराव्यानिशी खोडता येईल.

माणसाच्या आठवणीवर फार भरवसा ठेवता येत नाही. आजोबांनी पाहिलेली नदी वेगळी, बापाने पाहिलेली वेगळी, आणि पोराला वाटते की नदी अशीच असते, पावसाळ्यानंतर कोरडी. प्रत्येक पिढी आपल्या डोळ्यांसमोरचे जग हेच मूळ जग समजते. असे थोडे थोडे हरवत जाते आणि हरवल्याचे दुःखसुद्धा होत नाही. हे टाळण्याचा एकच उपाय माणसाला सापडला आहे, तो म्हणजे लिहून ठेवणे. कवी आपल्या परीने लिहितो, पण कवीच्या शब्दांत 'पुष्कळ' आणि 'थोडे' असते. 'सतरा' आणि 'तीन' असे लिहिणारा कुणीतरी लागतो.

त्याचे काम कंटाळवाणे आहे. बातमी होण्यासारखे त्यात बहुतेक वर्षी काहीच नसते. गेल्या वर्षी चौदा, यंदा पंधरा, पुढल्या वर्षी पुन्हा चौदा. अशा वेळी पैसे देणाऱ्याला वाटते, काय उपयोग? पण त्या साध्या वर्षांची नोंद असली, तरच वाईट वर्ष वाईट म्हणून ओळखता येते. यंदाच्या मोसमात मालवणच्या एखाद्या खडकावर कुणी पट्टी अंथरली आणि पाटीवर पहिला आकडा लिहिला, तर वीस वर्षांनी त्याच्या मुलाला तुलना करायला काहीतरी असेल. तो पहिला आकडा शून्य निघाला तरी चालेल. तारीख घालून लिहावा म्हणजे झाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)